शेवटचा तास वृंदाचा

"पोलीस?" गेटवरच्या माणसाने विचारलं.

"नाही."

"मग कोणाचा तरी बाप."

"काका," मी म्हणालो. "पुतणीला न्यायला आलोय."

तो हसला. धिप्पाड माणूस, बॅरी त्याचं नाव. दोन लोखंडी कठड्यांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट ठेवली होती आणि ती त्याने एकट्यानेच भरून टाकली होती. त्याने माझे खिसे चाचपले, चष्म्याचं घर उघडून पाहिलं, मग स्वेटरच्या आत हात घालून माझं पुस्तक बाहेर काढलं.

"हे काय?"

"पुस्तक. थांबावं लागलं तर..."

"आत अंधार आहे, काका," तो म्हणाला, आणि पुस्तक माझ्या हातात परत देऊन बाजूला झाला.

बाहेर मात्र लख्ख उजेड होता. इंग्लंडमध्ये जून महिन्यात चारलाच फटफटतं. हे एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचं, एका रविवारी सकाळी पावणेसहाचं. लेस्टरपासून चाळीस मैलांवर, शेतांच्या मधोमध, गुरांच्या लिलावाची एक जुनी पत्र्याची शेड होती. पहाटे पाचला वहिनीचा फोन आला नसता, तर ती कुठे आहे हे मला जन्मात कळलं नसतं.

"भाऊजी, वृंदा घरी नाही," वहिनी म्हणाली होती. "मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणाली. मी त्या मुलीच्या आईला आत्ता उठवून विचारलं. ती तिथे नाही. आणि हिच्या कपाटात एक रंगीत कागद सापडलाय. रात्री नऊ ते सकाळी सात, असं लिहिलंय त्यावर. सकाळी सातपर्यंत काय चालतं हो असं?"

"मी जातो."

"नुसते जाऊ नका. तिला घेऊन या."

मुकुंददादाला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तो मला एवढंच म्हणाला होता, "वृंदाकडे बघ." मी मान हलवली. मान हलवणं मला जमतं. मी एकटा माणूस, सार्वजनिक वाचनालयात नोकरी करणारा. मोठ्याने बोलण्याची वेळ माझ्यावर फारशी येत नसे, आणि आली तर मी ती दुसऱ्या कोणावर तरी ढकलत असे.

मी आत गेलो.

आवाज कानात शिरला असं म्हणता येणार नाही. तो आधी छातीत शिरला. आतून कोणी मुठी मारतंय असं वाटलं. काळोखात हिरवे-जांभळे झोत फिरत होते आणि त्यांच्यात हात दिसत होते, नुसते हात, शेकडो. वरून सैन्यातल्या जुन्या पॅराशूटची कापडं टांगली होती. मी भिंतीला पाठ लावली आणि तसाच सरकत राहिलो.  सवयीने मी दारं मोजली. वाचनालयात दर तीन महिन्यांनी आगीचा सराव घ्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरलो की माझी नजर आधी दारं शोधते. इथे एक मी आलो ते अरुंद दार होतं. दुसरं समोरच्या भिंतीत, गुरांचे ट्रक आत येतील एवढं मोठं, सरकवायचं. त्याला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं. फुकट घुसणाऱ्यांना अडवायला लावलं असणार. आत दोन हजार माणसं होती.

एक मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. गालावर सूर्य रंगवलेला, कपाळ घामाने निथळत होतं.

"हरवलास का?" ती ओरडली.

"हो," मी म्हणालो.

तिने मला मिठी मारली. मग आपल्या गळ्यातली प्लॅस्टिकची शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. "घाबरू नकोस, आजोबा. इथे सगळे चांगले आहेत."

मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. केस पिकले होते, एवढंच.

वृंदा गर्दीत असेल, कोणीतरी फसवून आणलेली, कोपऱ्यात रडत असेल, असंच मी गाडी चालवताना मनात धरून चाललो होतो. ती दिसली स्टेजवर. रेकॉर्डच्या दोन तबकड्यांच्या टेबलामागे, कानाला एकच हेडफोन लावून, दुसऱ्या हाताने पेटीतल्या रेकॉर्ड चाळत उभी होती. स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या चढून मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, तरी तिला कळलं नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला.

"काका!" तिने हेडफोन काढला. "तुम्ही? इथे? आणि स्वेटर घालून?"

"आईने पाठवलंय. चल."

"आई उठली?"

"ती झोपलीच नाहीये."

तिने खालचा ओठ दातात धरला. दादा अगदी असाच धरायचा. "एक तास, काका. प्लीज. शेवटचा तास माझा आहे. सहा महिने मागे लागले तेव्हा कुठे दिलाय."

"तुझा म्हणजे?"

"म्हणजे मी वाजवणार."

"तू हे वाजवतेस?"

"शनिवारी तबल्याच्या क्लासला मला कोण न्यायचं? तुम्हीच ना? मग आता बसा आणि ऐका." तिने रेकॉर्डची एक रिकामी पेटी पायाने माझ्याकडे सरकवली.

मी बसलो. तिच्याआधीचा मुलगा त्याची शेवटची रेकॉर्ड वाजवत होता. खालून गुरगुरल्यासारखा एक आवाज येत होता आणि मधेच एका बाईची किंकाळी. तीच किंकाळी पुन्हा पुन्हा. खालची मुलं नाचत होती, पण डोळे मिटून, आपापली.

"हे काय आहे?" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"हे डार्क!" ती ओरडली. मग माझ्याजवळ उकिडवी बसून तुकड्या-तुकड्याने सांगू लागली. "दोन वर्षांपूर्वी सगळं एकच होतं, काका. हार्डकोअर. एकाच रेकॉर्डवर सगळं असायचं. हाउस संगीतातला पियानो, हिपहॉपमधले तोडून जोडलेले ड्रम, वेग वाढवून पळवलेले आवाज. हसायचं पण आणि दचकायचं पण. मग गेल्या वर्षी सगळे काळोखाकडे वळले. किंकाळ्या, भुतं, हे असलं. पोरं नशेच्या गोळ्या घेऊन यायची आणि हे ऐकून घाबरायची. खरंच घाबरायची. कोपऱ्यात बसून रडायची."

"तू गोळ्या घेतेस?"

"मी फार्मसी शिकते, काका. त्यात काय काय असतं ते मला माहितीये." ती हसली. "मग फाटाफूट झाली. ड्रमवाले 'जंगल' नावाच्या नव्या संगीताकडे गेले आणि आम्ही पियानोवाले इकडे राहिलो. ते आम्हाला हसतात. हॅपी म्हणतात, शिवी घातल्यासारखं. हॅपी हार्डकोअर. पोराटोरांचं संगीत."

"आणि तुला ते आवडतं?"

तिने खांदे उडवले. "मला आता घाबरायचं नाहीये. बाबांच्या वेळी पोटभर घाबरून झालंय."

पुढे या संगीताचं काय झालं ते मी वाचत आलो आहे. वाचणं हे मला जमणारं दुसरं काम. ते स्कॉटलंडकडे, हॉलंडकडे पसरलं, आणखी वेगवान झालं, तोडलेले ड्रम हळूहळू गेले आणि सरळ ठोका राहिला. मग सगळ्यांनी मिळून त्याची टिंगल केली आणि दहा वर्षांत बहुतेकांनी ते टाकून दिलं. पण त्या सकाळी ते नुकतंच वेगळं झालं होतं, स्वतःचं नाव स्वतःलाच जरा बोचत होतं, आणि ते वाजवायला माझी पुतणी उभी होती.

तिच्या शेजारी माईक घेऊन डेलरॉय नावाचा एक उंच माणूस होता. गाण्यांच्या मधे बोलत राहणं, गर्दीला चेतवणं हे त्याचं काम. त्याने तिचं नाव घेतलं, "व्रिंडा" असं काहीतरी. तिने पहिली रेकॉर्ड लावली.

पियानो सुरू झाला. उघडा, स्वच्छ, कोणीतरी खिडक्या उघडत चालल्यासारखा. त्यावर एक बाई गात होती. पण आवाज सहा वर्षांच्या मुलीचा होता, कारण सावकाश गायलेलं गाणं वेग वाढवून घेतलं होतं. मग ड्रम आले. खाली दोन हजार माणसांनी एकदम डोळे उघडले. मला वरून ते दिसलं. माझी भीती किती वेळ कमी झाली ते सांगता येणार नाही, पण माझा पाय हलत होता. ते लक्षात आल्यावर मी तो थांबवला.

तेवढ्यात वास आला.

स्टेजवर धुराचं यंत्र होतं, त्याच्या धुराला गोडसर वास असतो. हा तसा नव्हता. जळक्या रबराचा होता. मी पेटीवरून उठलो आणि मागचा काळा पडदा बाजूला केला. पडद्यामागे जनरेटरकडून आलेली जाड वायर एका लाकडी रिळावर तशीच गुंडाळलेली होती. ती पूर्ण उलगडून जमिनीवर पसरायची असते, नाहीतर गुंडाळीतच तापते. इथे घाईत कोणी ती उलगडलीच नव्हती. रीळ गवताच्या गठ्ठ्यांना टेकलं होतं. गुरांच्या वेळचे गठ्ठे, कोरडेठाक. त्यांच्यातून एक नारिंगी रेघ वर पॅराशूटच्या कापडाकडे चढत होती. मोठी नव्हती. हातभर असेल.

त्या आवाजात ओरडून कोणाला ऐकू जाणार नव्हतं. वाचनालयात सरावाला बेल असते. इथे माझ्या गळ्यात शिट्टी होती. मी स्टेजच्या पुढच्या कडेला गेलो, दोन्ही हात वर करून हलवले आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. तीन वेळा.

पुढच्या रांगेतली मुलं वर बघू लागली. त्यांचे चेहरे खुलले. पिकल्या केसांचा, स्वेटर घातलेला एक माणूस शिट्टी फुंकतोय! त्यांनी हात वर केले आणि स्वतःच्या शिट्ट्या फुंकल्या. मग त्यांच्या मागच्यांनी, मग त्यांच्या मागच्यांनी. भोंगे वाजू लागले. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्ट्याच शिट्ट्या. शाबासकी द्यायची त्यांची रीत हीच होती, मला ते कुठून माहीत असणार?

"स्वेटरवाल्या आजोबांसाठी!" डेलरॉय माईकवर गरजला.

लोकांनी एवढा गजर केला की वाजवणाऱ्याने रेकॉर्ड हाताने थांबवायची, उलटी फिरवायची आणि पहिल्यापासून लावायची, अशीही एक रीत होती. वृंदाने मान मागे टाकून हसत तसंच केलं. मी जितकी शिट्टी फुंकत होतो, तितकी ती माणसं खूश होत होती. पडद्याच्या फटीतून खरा धूर पुढे आला, तर त्यालाही त्यांनी हात उंचावून दाद दिली.

मी शिट्टी सोडली. वृंदाकडे गेलो, तिचा दंड घट्ट धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मराठीत बोललो.

तिने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडद्याची वरची कड आता लाल दिसत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं. तिचं हसू गेलं, पण चेहऱ्यावर भीती आली असंही नाही. ती जणू मला ओळखायचा प्रयत्न करत होती.

"काका, गेटवर जा," ती म्हणाली. "बॅरीला फायर ब्रिगेडला फोन करायला सांगा. मोठ्या दाराची किल्ली त्याच्याकडून घ्या."

"आणि तू?"

"जा."

मी गेलो. भिंतीला धरून, माणसांच्या कोपरांतून. अर्ध्या वाटेवर ड्रम बंद झाले आणि नुसता पियानो उरला. वेगळ्याच कुठल्यातरी गाण्याचा, शांत. गर्दी थांबली. हात वर राहिले. मागून डेलरॉयचा आवाज आला, इतका सावकाश की मला तो दुसराच माणूस वाटला. "आज सूर्य कोणी पाहिलाय? कोणीच नाही? तो बाहेर तुमची वाट बघतोय. मोठं दार उघडतंय. शेवटचं गाणं बाहेर, गवतात. शेजाऱ्याचा हात धरा. धावायचं नाही. धावणाऱ्याला सूर्य दिसत नाही."

मी अरुंद दारातून उजेडात आलो. बॅरीला सांगितलं. तो शिव्या देत खिशातून आपला विटेएवढा फोन काढू लागला.

"आणि किल्ली," मी म्हणालो. "मोठ्या दाराची. तिने मागितलीये."

"किल्ली? ती डेलरॉयच्या गळ्यात आहे. तिला माहितीये की. तिच्यासमोरच तर कुलूप लावलं मी." तो फोनवर ओरडत शेडच्या पलीकडच्या बाजूला धावला.

मी तिथेच उभा राहिलो.

ती आत काय करत होती, ते डेलरॉयने मला नंतर समजावलं. एका गाण्याच्या तिच्याकडे दोन प्रती होत्या, कोरी जोडी. त्या गाण्याच्या सुरुवातीला पाऊण मिनिट नुसता पियानो होता आणि मग ड्रम. ड्रम आले की दोन हजार माणसं उड्या मारणार, आणि गाणं थांबलं तर भानावर येणार, हा धूर वेगळा आहे हे ओळखणार, आणि त्या एका अरुंद दारावर पडणार. म्हणून ड्रम यायच्या क्षणी ती दुसऱ्या तबकडीवर तोच पियानो सुरू करायची आणि पहिली हाताने मागे फिरवून ठेवायची. मग पुन्हा पहिली. मग पुन्हा दुसरी. तिथून तिला हलता येत नव्हतं. पाऊण मिनिटाच्या वर कुठेही जाता येत नव्हतं.

बाहेर मला ते पत्र्यातून ऐकू येत होतं. मी मोजत होतो. एक. दोन. तिसऱ्या वेळी डेलरॉयने आतून कुलूप काढलं, साखळी पडल्याचा खणखणाट आला आणि मोठं दार कुरकुरत सरकलं. माणसं बाहेर येऊ लागली. हातात हात घालून, डोळे चोळत, हसत. त्यांच्या डोक्यांवरून, दाराच्या वरच्या कडेखालून, काळा धूर बाहेर पडत होता आणि कोणी वर बघत नव्हतं. सगळे सूर्याकडे बघत होते. चार. पाच. गालावर सूर्य रंगवलेली मुलगी मला शोधत आली. "आजोबा, किती छान आहे ना?"

"आत किती आहेत अजून?" मी विचारलं.

"खूप!" ती आनंदाने म्हणाली.

सात. आठ. प्रत्येक पियानो संपत आला की वाटायचं, आता पुढचा सुरू होणार नाही. व्हायचा. नऊ. कोणीतरी मागे वळून "धूर" म्हणालं, मग "आग", आणि बाहेर आलेली माणसं मागे सरकू लागली. पण तोवर आतून येणारे तुरळक झाले होते. दहा. अकरा. पत्र्याच्या छपराचा एक भाग तडतडत वर उचलला. बारावा पियानो सुरू झाला आणि मधेच तुटला.

मी मोठ्या दारापर्यंत धावत गेलो, असं मला पुष्कळदा आठवतं. धग लागल्याचंही आठवतं. पण मी माझ्या गाडीला टेकून उभा होतो. गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती, आणि तिचा ठसा संध्याकाळपर्यंत तळहातावर होता.

मग ती बाहेर आली. डेलरॉय तिला खांद्याला धरून आणत होता. ती खोकत होती, भुवया जळल्या होत्या, हात रिकामे होते. रेकॉर्डची पेटी आतच राहिली. तिच्यामागून कोणी आलं नाही, कारण कोणी उरलंच नव्हतं. पंधरा मिनिटांनी बंब आले, तेव्हा छप्पर खाली बसलं होतं.

बंबाबरोबरच्या अधिकाऱ्याने विचारलं, आधी कोणी पाहिलं?

"माझ्या काकांनी," वृंदा म्हणाली. "त्यांनी येऊन मला सांगितलं."

तिने एवढंच सांगितलं. बाकीचं इतरांनी जोडलं. बॅरीने माझ्या पाठीत थाप मारली, मी पुढे कोलमडलो. "पुस्तकवाल्या काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं," तो जो भेटेल त्याला सांगत सुटला. मुलं येऊन मला मिठ्या मारत होती. मी मान हलवत होतो.

आम्ही गाडीने निघालो. मधे एकदा ती म्हणाली, "काका, हळू." मी काट्याकडे पाहिलं, तर तो नव्वदवर होता. मी आयुष्यात कधी साठच्या वर गेलो नव्हतो.

वहिनी दारातच उभी होती. वृंदा जवळ येताच तिने मारायला हात उचलला, पण केसांना येणारा धुराचा वास तिच्यापर्यंत पोचला आणि तोच हात खाली येऊन तिच्या डोक्यावर राहिला. मग मला सांगावं लागलं. म्हणजे सांगितलं वृंदाने, तीन-चार वाक्यांत. आग लागली. काकांनी पाहिली. सगळे बाहेर आले.

"दोघं शेजारी उभे राहा," वहिनी म्हणाली.

तिने मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या आणि आमच्या दोघांवरून उतरवल्या. आधी तिच्यावरून, मग माझ्यावरून. ओठ हलत होते, डोळे गळत होते. मग तिने ते सगळं तव्यावर टाकलं आणि गॅस मोठा केला. मिरच्या काळ्या पडल्या, मोहरी उडाली. कोणालाच ठसका लागला नाही.

"बघा," वहिनी म्हणाली. "एवढ्या मिरच्यांचा ठसका नाही. केवढी दृष्ट लागली होती माझ्या लेकराला." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही नसतात तर? दोन हजार पोरं! मला तर सुचलंच नसतं काही. काय म्हणालात हो तुम्ही हिला तेव्हा?"

वृंदा माझ्या शेजारी उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती थांबली होती, इतकंच. आईच्या स्वयंपाकघरात, आम्ही तिघंच. मला खरं बोलायला याहून सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती, आणि ते तिला माहीत असावं.

"मी म्हटलं," मी म्हणालो, "आधी या सगळ्यांना बाहेर काढ."

वहिनीने दोन्ही हात जोडले. वृंदाने मान पुन्हा सरळ केली.

"मी आंघोळ करून येते," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

तिने ते कधीच कोणाला सांगितलं नाही. तिच्या लग्नात वहिनीने ती गोष्ट सांगितली, तिची मुलं मोठी झाल्यावर त्यांना सांगितली, आणि दर वेळी वृंदा काहीतरी काम काढून उठून गेली. ती माझ्याशी नीट वागते. वाढदिवसाला फोन करते, औषधांची नावं विचारून घेते. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, वहिनी गेल्या वर्षी गेली, आणि माझ्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही. पण स्टेजवरच्या त्या चार वाक्यांत एका शब्दाचीही चूक होत नाही.

"आग लागलीये," मी तिच्या कानात म्हटलं होतं. "कोणाला काही बोलू नकोस. गर्दी व्हायच्या आत आपण दोघं निघू."

"आणि हे सगळे?" तिने विचारलं होतं.

"त्यांना त्यांचे आईबाप आहेत."

तेव्हा तिने तिच्या दंडावरची माझी बोटं एकेक करून सोडवली. जोराने नाही. तापात बरळणाऱ्या माणसाची सोडवावीत, तशी. आणि मग मला दाराकडे पाठवलं.